पुढची लहान जोडी

४ जानेवारी

धाकट्या,

तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा माझा आवाज ऐकून तू ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण वाचून फाड.

तुझी खुशाली विचारत नाही. तू सांगणार नाहीस, आणि मलाही ती ऐकायची हौस नाही. काम आहे म्हणून लिहितेय.

बाबा सप्टेंबरमध्ये न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. हे तुला तेव्हाच कळवलं होतं. तू काय केलंस ते सोड. हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, आमचं काम संपलं, आता फक्त चालवा. चालवा! बाबांना! व्यायाम शिकवायला येतात त्या बाई पहिल्याच दिवशी डोळे पुसत बाहेर आल्या. शेवटी उपयोगी पडलं ते त्यांचं पितळेचं, खेळण्याएवढं इंजिन, काळतोंड्या. माझ्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, पेशंट बसतात त्या बाकासमोर, रुळांचा तो मोठा फळा अजून तसाच मांडलेला आहे. रोज चार वाजता बाबा वॉकर धरून पलंगापासून फळ्यापर्यंत नऊ पावलं चालायचे, काळतोंड्याला रुळांवर ठेवायचे, आठ फेऱ्या मारायचे आणि नऊ पावलं परत. दाढ काढायला आलेली माणसं दुखणं विसरून बघत बसायची. दोन महिने असं छान चाललं होतं.

सत्तावीस डिसेंबरला काळतोंड्या जागचा हलला नाही. बाबांनी एकदा बटण फिरवलं, लगेच बंद केलं, आणि आत जाऊन आडवे झाले. तेव्हापासून उठलेले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून असतात. बाई म्हणतात, हा महिना असाच गेला तर पाय कायमचे गेले समजा.

इथल्या घड्याळवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, हाताने बनवलेली वस्तू आहे, ज्यानं बनवली त्यालाच विचारा. ज्यानं बनवली तो तर तोंड फिरवून पडलाय. उरलास तू. एकदा तूच जाळलं होतंस, म्हणजे आतलं बाहेरचं तुला ठाऊक असणार.

पार्सल करणार नाही. तुझ्याकडे गेलेली वस्तू परत येत नाही. बाबांचं ड्रिल आठव. यायचं तर ये, नाहीतर काय करायचं ते लिहून कळव.

ताई


९ जानेवारी

डॉक्टरीणबाई,

वाचलं. फाडलं नाही. जपून ठेवणार आहे, कारण मदत मागताना थोबाडीत कशी मारायची याचा इतका चांगला नमुना पुन्हा मिळायचा नाही.

'एकदा तूच जाळलं होतंस.' अकरा वर्षं झाली आणि अजून तेच तुणतुणं. मी त्या सकाळी काय केलं होतं ते ऐक, कारण तेव्हा कोणी विचारलंच नाही. काळतोंड्याला रुळांवर ठेवलं आणि बटण फिरवलं. बस्स. करंटच्या डब्यातून धूर आला. बाबा बाहेर आले, धूर बघितला, बटणावरचा माझा हात बघितला, झाला निकाल. 'या घरातल्या कशालाही पुन्हा हात लावायचा नाही.' मी नाही लावला. अकरा वर्षांत त्या घराच्या कडीलासुद्धा लावला नाही. इतका आज्ञाधारक मुलगा दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही.

आणि ते ड्रिल बाबांनी मला दिलं होतं. माझ्या हातात. तू तेव्हा कोणाची तरी दाढ उपटत होतीस.

मी येणार नाही. पण लिहून सांगतो. तुझ्यासाठी नाही, आणि बाबांसाठी म्हणशील तर ते मला अजून ठरवायचंय. त्या इंजिनाने माझं काही वाकडं केलेलं नाही. ते बनत होतं तेव्हा सात वर्षं बाबांच्या शेजारी बसून मी पितळेचे पत्रे घासलेत.

दिवसभर मी बंद पडलेल्या लिफ्ट चालू करतो. आत अडकलेला माणूस बाहेर आल्याआल्या सांगतो, मी काही केलं नाही हो, आपोआप बंद पडली. चौदा वर्षांत एकही लिफ्ट आपोआप बंद पडलेली मी पाहिली नाही. तेव्हा दोन प्रश्नांची खरी उत्तरं दे. एक, रुळांवर ठेवून बटण फिरवलं की नक्की काय होतं? काहीच नाही, की गुरगुरतं, की वास येतो? दोन, बंद पडण्याआधी ते शेवटचं कोणी उघडलं होतं?

तोवर फडक्याला स्पिरिट लावून रूळ पूस. बाकी कशाला हात लावू नकोस. तुझ्या हाताला खाज असते, माहीत आहे मला.

लिफ्टवाला


१४ जानेवारी

धाकट्या,

तुझी भाषा तुझ्यापाशी ठेव. मी पन्नाशीची झाले, रोज वीस माणसं माझ्यासमोर तोंड उघडून बसतात आणि एकाचीही मला असं बोलायची हिंमत होत नाही. अर्थात त्यांच्या तोंडात माझं हत्यार असतं.

उत्तरं. एक, इंजिन रुळांवर ठेवलं की डब्यातून हूं असा बारीक आवाज येतो आणि डब्यावरचा लाल दिवा लागतो. इंजिन उचललं की दिवा विझतो. इंजिन जागचं हलत नाही. दोन, कोणीही उघडलेलं नाही. आपोआप बंद पडलं. तुझ्या लिफ्टचं काय असेल ते असो.

रूळ स्पिरिटनं पुसले. फडकं काळं झालं, पण फरक शून्य. मग मी तोंडात घालायचा छोटा आरसा घेऊन इंजिन खालून नीट तपासलं. तुटकं काही दिसत नाही. चाकं तर चकचकीत आहेत. तरी दाताचं मशीन ज्या तेलानं वंगण करतो ते तेल सगळीकडे आणि रुळांवरही थोडं थोडं मारलं. त्यानंही काही झालं नाही. घड्याळवाल्यानं पुन्हा एकदा पाहिलं, म्हणे याला पेपरमिंटचा वास येतोय. म्हटलं दवाखाना आहे, येणारच.

बाबांची तब्येत विचारली नाहीस. तरी सांगते. परवा पलंगाच्या कडेला बसवलं, दोन मिनिटं बसले, पुन्हा आडवे. पोटऱ्या माझ्या मनगटाएवढ्या झाल्यात. बाईंनी पाय उचलून बघितला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. महिन्याचे सतरा दिवस उरलेत. तुझा राग तू नंतर काढ, आयुष्य पडलंय त्याला.

ताई


१८ जानेवारी

ताई,

तेल? रुळांवर तेल?? अगं, करंट रुळांतून चाकांत जातो. मध्ये तेलाचा थर दिलास तर जाणार कसा? दाढ किडली म्हणून गालाला पावडर लावतेस का तू? पुन्हा स्पिरिट घे आणि सगळं तेल पूस. रूळ, चाकं, सगळं. सांगितलं होतं ना, हात लावू नकोस म्हणून! हात दाखवून अवलक्षण ते हेच.

आता मला एक कळत नाही. कुठला लाल दिवा? त्या डब्याला लाल दिवा नव्हता. मी त्या घरात असेपर्यंत तरी नव्हता. तो कोणी बसवला आणि कधी, ते आधी लिही.

आता काम. इंजिन जाड टॉवेलवर उलटं ठेव. धुराड्याच्या खाली एक स्क्रू आहे तो काढ, वरचं पितळेचं टरफल सुटेल. आत मोटर दिसेल. तिला एक लाल तार आलीये, ती सोडव. तुझ्याकडे चिमटे बरेच असतील. मग नऊ व्होल्टची बॅटरी घे आणि दोन तारांनी थेट मोटरच्या दोन कानांना लाव. मोटर फिरली तर मोटर ठणठणीत. नाही फिरली तर तुझं माझं काम इथेच संपलं.

फिरली तर पुढचं. लाल तार सुटलेलीच ठेव. बॅटरीला छोटा बल्ब जोड. एक तार इंजिनाच्या सांगाड्याला लाव आणि दुसरी एकेका चाकाला टेकव. आठ चाकं आहेत, मोठी सहा आणि पुढची लहान दोन. प्रत्येक चाकापुढे लिही, बल्ब लागला की नाही. डावं, उजवं न चुकता. डावं म्हणजे काळतोंड्याचं डावं, तुझं नाही. दातांचा तक्ता भरतेस ना, तसाच भर.

'कोणीही उघडलेलं नाही' हे वाचलं मी. बरं.

लिफ्टवाला


२३ जानेवारी

धाकट्या,

मोटर फिरली. दुपारी पेशंट गेल्यावर फळ्यावरच सगळं मांडलं होतं. बॅटरी लावली आणि ती एवढी जोरात कोकलली की मी चिमटाच टाकला. आणि ऐक, आतून बाबांचा आवाज आला. 'कोण आहे?' पंचवीसेक दिवसांनी त्यांनी आपणहून काही विचारलं. मी आत गेले, म्हटलं मीच आहे, मोटर चांगली आहे, धाकटा पत्रातून सांगतोय तसं करतेय. तर काय झालं असेल? त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, 'त्याला कशाला विचारलंस?' आणि पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

बघ. अकरा वर्षांनंतरसुद्धा तुझं नाव त्यांना नकोय. मी आपली उगाच तुझे टोमणे खात बसलेय.

लाल दिवा बाबांनीच बसवला. तू गेलास त्याच आठवड्यात. जळलेला डबा फेकून नवा बनवला, त्याला तो दिवा लावला. मी विचारलं होतं कशाला, तर म्हणाले, 'पुन्हा धूर नको.' यात तुला एवढं काय सापडलं?

हा तुझा तक्ता.
उजवीकडची तीन मोठी : तिन्ही लागली.
डावीकडची तीन मोठी : एकही नाही.
पुढची लहान, डावं : लागलं.
पुढची लहान, उजवं : नाही लागलं.
तीनदा तपासलं. माझा तक्ता चुकत नाही.

महिना संपत आला. आता शेपटं न लावता सांग काय करायचं.

ताई


२७ जानेवारी

ताई,

तुझा तक्ता बरोबर आहे. चुकलाय तो खरेपणा.

सोपं करून सांगतो. काळतोंड्याच्या प्रत्येक जोडीत एक चाक आसाला थेट जोडलेलं असतं आणि दुसऱ्याच्या मध्यभागी प्लॅस्टिकची बारीक कडी असते, करंट पलीकडे जाऊ नये म्हणून. सगळ्या कड्या डावीकडे हव्यात. मोठ्या तिन्ही जोड्यांच्या आहेत. पुढच्या लहान जोडीची कडी उजवीकडे आहे. म्हणजे ती जोडी उलटी बसलीये. त्यामुळे एका रुळाचा करंट सांगाड्यातून सरळ दुसऱ्या रुळात उतरतो. इंजिन हलत नाही, डबा गुरगुरतो, दिवा लागतो. जादा करंट तो दिवा स्वतःवर घेतो; तो नसता तर डबा जळला असता आणि धूर आला असता.

धूर. वाच पुन्हा.

मोठी चाकं दांड्यांनी जखडलेली आहेत, ती निघत नाहीत. लहान जोडी एका पट्टीखाली असते, नखानेसुद्धा निघते. पण आपण होऊन निघून, गिरकी घेऊन, पुन्हा जागेवर बसायला ती काही सर्कशीतली नाही. कोणीतरी काढली होती. घासली. चकचकीत केली. कशाने, तेही सांगतो. दात चमकवायचा तुझा तो फिरता ब्रश आणि त्याची पेस्ट. पेपरमिंटची.

त्या सकाळी काळतोंड्या हातात घेतला तेव्हा त्याची चाकं आरशासारखी चमकत होती आणि पेपरमिंटचा वास येत होता. त्या दिवशी बाबांचा वाढदिवस होता. अकरा वर्षं मी विचार करतोय, इंजिनाला पेपरमिंटचा वास कशाचा? वेडा झालो का मी? इथे भाड्याच्या खोलीत पडल्यापडल्या तो धूर शंभरदा आठवला आणि प्रत्येक वेळी मधेच तो वास यायचा. तुझं चौदा तारखेचं पत्र वाचताना हातातला घास हातात राहिला.

तू ताकाला आलीस आणि भांडं लपवलंस. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा लपवलंस तेव्हा त्या भांड्याखाली मी होतो.

जोडी फिरवायला दोन मिनिटं लागतात. फिरव, चालव, बाबांना उठव. मी अडवणार नाही, माझ्यामुळे त्यांचे पाय गेले हे आणखी एक खापर मला नको. पण मग बसून खरं लिही. आणि लिहिताना एक गोष्ट मनाशी पक्की कर. तेव्हाही जोडी उलटी होती, आणि नंतर अकरा वर्षं इंजिन चाललं. मग ती सरळ कोणी केली?

मी नाही. मी तर हात लावायचा नव्हता.

भाऊ म्हणवून घ्यायची इच्छा नाही.


१ फेब्रुवारी

धाकट्या,

हो. मी काढली होती. दोन्ही वेळा.

झालं समाधान? आता ऐक, आणि मधे तोंड घालू नकोस.

तेव्हा बाबांचा सत्तरावा होता. इंजिन अडखळत होतं, म्हटलं सकाळी त्यांना चकचकीत दिसू दे. आदल्या संध्याकाळी लहान जोडी काढून घासली, परत बसवली. त्यात डावं उजवं असतं हे मला काय ठाऊक? दोन्ही चाकं सारखीच दिसतात. सकाळी धूर आला तेव्हा मी दारात उभी होते, हातात हत्यारांचा ट्रे होता. बाबा तुझ्यावर ओरडत होते आणि माझ्या मनात आलं, माझ्यामुळे तर नसेल? आणि मी मूग गिळले. म्हटलं संध्याकाळी सांगू, बाबा निवळले की. संध्याकाळी तू बॅग घेऊन गेला होतास. दुसऱ्या दिवशी सांगणं पहिल्या दिवसापेक्षा अवघड होतं, तिसऱ्या दिवशी दुसऱ्यापेक्षा. अकरा वर्षांत किती दिवस होतात ते तूच मोज. तुझ्यावर चिडून राहणं मला सोपं पडलं. तू वाईट असलास तर मी बरी ठरत होते.

डिसेंबरमध्ये पुन्हा अडखळायला लागलं. म्हटलं बाबांची चारची वेळ चुकायला नको. पुन्हा तोच ब्रश. अक्कल तीच, हात तोच.

आता पुढचं. तुझं पत्र आलं त्याच दुपारी जोडी फिरवली. काळतोंड्या धावला. आठ फेऱ्या, न अडखळता. बाकावरच्या दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी दाराकडे बघत उभी. बाबांना आवाज जात होता, नक्की जात होता. नऊ पावलं. ते आले नाहीत.

मी आत गेले. ते जागे होते. म्हटलं, बाबा, चालू झालं. तेव्हा मी स्टुलावर बसले आणि सगळं सांगून टाकलं. ब्रश, पेस्ट, उलटी जोडी, तेव्हाची आणि आत्ताची. बोलताना मी रडत होते, तुला विश्वास बसणार नाही.

ते म्हणाले, 'मला माहीत आहे.'

तू विचारलंस ना, सरळ कोणी केली? बाबांनी. तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी. त्यांनी काळतोंड्या उलटा केला आणि एका नजरेत त्यांना दिसलं. आयुष्यभर फिटर होता तो माणूस, त्याला बल्ब लावून बघायची गरज नव्हती. चकाकीवरून माझं काम तेही कळलं. त्यांनी जोडी फिरवली, नवा डबा केला, दिवा लावला, आणि गप्प बसले. मीही गप्प. अकरा वर्षं आम्ही दोघं एका घरात, एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होतो. सत्तावीस डिसेंबरला लाल दिवा लागला तेव्हा त्यांना त्याच क्षणी कळलं काय झालंय ते. दोन मिनिटांत फिरवू शकले असते. म्हणाले, 'हात गेला नाही. पुन्हा गुपचूप फिरवायची आणि पुन्हा गप्प बसायचं, हे नाही झालं माझ्यानं.' आणि जाऊन झोपले.

मी विचारलं, मग तुम्ही त्याला बोलवलं का नाही? तर म्हणाले, 'पत्र लिहायला बसायचो. हाताखालच्या तीस जणांचं काम तपासलं मी, चुकलेल्याला सगळ्यांसमोर उभं केलं. आणि स्वतःच्या पोराचं काम न तपासता त्याला बाहेर काढला. हे लिहायचं कसं?'

म्हणजे 'त्याला कशाला विचारलंस' म्हणाले ते तुझ्या रागापोटी नव्हतं. तू जोडीपाशी पोचणार याची त्यांना भीती होती. तेही मी उलटंच वाचलं.

मग त्यांनी इंजिन मागितलं. पलंगावर, पांघरुणावर ठेवून त्यांनी स्वतःच्या हाताने ती लहान जोडी काढली. मी मदतीला गेले तर अशी नजर टाकली की बस. कापसात गुंडाळून एका डबीत घातली आणि म्हणाले, 'त्याला पाठव.' मी म्हटलं, अहो, त्याशिवाय इंजिन कसं चालणार? म्हणाले, 'नाही चालणार.'

डबी वेगळी पाठवली आहे. बाईंनी पंधरा दिवस वाढवून दिलेत, तेही तोंड वाकडं करून. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, कारण तू करणार नाहीस आणि तुझं बरोबर असेल.

ताई


७ फेब्रुवारी

ताई,

डबी मिळाली. आत कापूस आणि चाकांची जोडी. चिठ्ठी नाही, एक अक्षर नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही तो असा.

तुझ्यावर किती रागवायचं ते ठरवूनच बसलो होतो, पण तुझं पत्र वाचून झाल्यावर निम्मा राग दुसरीकडे गेला. तू घाबरलीस. तुझ्याकडून याहून वेगळी अपेक्षा नव्हती, लहानपणी बरणी फोडलीस तेव्हाही मीच मार खाल्ला होता. पण बाबा! तिसऱ्या दिवशी! तिसऱ्या दिवशी मी अजून गावातच होतो, माहितेय तुला? मित्राकडे. चार गल्ल्या पलीकडे. पाच दिवस राहिलो, कोणीतरी बोलवायला येईल म्हणून. रस्त्यावर पाऊल वाजलं की उठून बसायचो. त्यांच्या हातात सरळ केलेली जोडी होती आणि मी चार गल्ल्यांवर होतो. हे मी कसं गिळू, सांग ना.

काल ती जोडी टेबलावर ठेवून रात्रीचं जेवण जेवलो. लाज वाटते सांगायला, तिच्याशी भांडलोसुद्धा. शेजारच्यांनी दार वाजवलं.

मग लाल रंग आणून कडीच्या चाकाला एक ठिपका दिला. आता आंधळ्यालाही कळेल कुठली बाजू कुठे. तुलासुद्धा.

पोस्टानं परत पाठवणार होतो. पाकीटही केलं होतं. पण पोस्टात हरवलं तर त्याचं खापर पुन्हा माझ्यावर फुटणार. तेव्हा स्वतः घेऊन येतो. येत्या रविवारी, साडेदहाच्या गाडीनं. बसवीन, चालवून दाखवीन, संध्याकाळी परत. राहायचा आग्रह करू नकोस, आणि माझ्या दातांकडे बघू नकोस.

एक अट आहे, ती बाबांना वाचून दाखव. मला त्या घरातून बाबांनी फाटकापर्यंत घालवलं होतं. कुलूप लावायला ते स्वतः आले होते मागोमाग. आता फाटक त्यांनीच उघडायचं. उभ्यानं. मी पलंगाशी येऊन त्यांच्या उशाला बसणार नाही. आजारी म्हाताऱ्याला माफ करणं फार सोपं असतं, आणि मला सोपं नकोय. फाटकाशी खुर्ची आणून ठेवलीस तर मी तिथूनच मागे फिरेन.

धाकटा


११ फेब्रुवारी

बारक्या,

तुझ्या ताईनं वाचून दाखवलं. चार गल्ल्यांवर होतास हे मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं.

ठिपका डावीकडे यायला हवा. घाईत उजव्या चाकाला दिला असशील तर पुसून आण.

खुर्ची ठेवायची नाही असं तिला बजावलंय. वॉकर धरीन, त्याला तू काही म्हटलेलं नाहीस. बाकीचं बोलायचं ते पत्रात लिहीत नाही, उभ्यानं बोलेन.

पलंगापासून फाटक अठ्ठावीस पावलं आहे. परवा अकरा झाली, काल चौदा, आज एकोणीस. रविवारपर्यंत होईल असं वाटत नाही. तू त्याच्या पुढच्या रविवारी ये.

बाबा